दीड तांब्या पाणी

कूलरचा पंप, अठरा वॅटचा,
मागच्या उन्हाळ्यात मेला म्हणून माळ्यावर टाकलेला.
उघडला तर पात्यात गुंतलेला एक केस,
महानंदाचा, लांब.
तो काढला आणि पंप परत घुरघुरला.

तीस वर्षं मोटारी भरतोय लातुरात,
गंजगोलाईच्या मागं, चार बाय सहाच्या खोक्यात.
बोअर आटलं की मोटार कोरडी फिरते, जळते,
मग ती माझ्याकडं येते.
म्हणजे जमीन जेवढी कोरडी
तेवढं माझ्या घरातलं तेल-मीठ नीट चाललं.
हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

कुंभाराकडून तीन परळ आणले, उतरत्या मापाचे.
भोक पाडताना पहिला फुटला,
दुसऱ्याला तडा गेला.
तिसऱ्यावर थेंब थेंब पाणी सोडत ड्रिल फिरवलं,
आजाऱ्याला औषध पाजावं तसं.
सलाईनची नळी दवाखान्यातल्या भाच्यानं दिली.
सांध्याला एम-सील.
वर दीड तांब्या पाणी.

"नळ दहाव्या दिवशी," महानंदा म्हणाली,
"अन् तुम्ही पाणी उडवायलाव?"
अगं उडतंय कुठं, म्हटलं,
तेच वर जातं, तेच खाली येतं.
"मंग करायचंच कशाला?"
याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं,
अजूनही नाही.

पहिल्या संध्याकाळी धार हातभर उडाली,
कॅलेंडरवरचा चैत्र भिजला.
तिनं फरशी फडक्यानं टिपली
आणि फडकं परळातच पिळलं.
मग मी नळीला अर्धी गाठ मारली.
धार बोटभर झाली, शहाणी.

रात्री तीनला दार वाजलं.
रझियाबी, दोन्ही हातांत बादल्या:
"पानी आया क्या? हमारे नल में तो हवा बी नै."
मागं तिचा जावई, घागर घेऊन.
त्याच्या मागं वरच्या मजल्यावरचे बिडवे मास्तर,
बनियनवर, खांद्याला पाइपाचं वेटोळं.
मी बाजूला सरून दाखवलं: परळ, धार.
कुणी हसलं नाही.
मास्तर खाली उकिडवे बसले,
धारेखाली बोट धरून बराच वेळ,
वेटोळं खांद्यावरच.

दुसऱ्या दिवसापासून मी आवाजाच्या मागं लागलो.
स्टीलवर पडलं की बादली ऐकू येते.
पाण्यावर पडलं की हौद भरतोय असं वाटतं.
शहाबादीच्या तुकड्यावरून घसरलं
की कुणीतरी मोरीत चूळ भरतंय.
शेवटी मांजरेतला काळा गोटा,
पात्रात पाणी नव्हतं तेव्हा चालत जाऊन उचललेला,
त्याच्यावर धार सोडली.
हा आवाज कशाचाच नव्हता.
गल्ली झोपली.

आणि नळ आला आठव्याच दिवशी,
न सांगता, पहाटे.
ऐकला सगळ्यांनी.
आवाज वेगळा होता, पण कान एकदा पाण्याला सरावला
की कुठलं म्हणून विचारत नाही.
आप्पाचं कारंजं, म्हणाले, आणि कूस बदलली.
तोट्या उघड्याच होत्या.
सकाळी गटारीच्या कडेनं चिमण्या आंघोळ करत होत्या.

टँकर वर्गणीनं मागवला.
माझी वर्गणी दुप्पट.
पंप पुन्हा माळ्यावर, परळात बटणं आणि चाव्या.
मी दुकानातून घरी यायचो, जेवायचो, गप्प.

पाचव्या रात्री दार वाजलं.
रझियाबी. हातात झाकलेला लोटा.
"नींद नै आ री," एवढंच,
आणि लोटा उंबऱ्यावर ठेवून गेली.
महानंदानं तो उचलला, हातात तोलला.
"दीडाला कमीच हाय," म्हणाली,
आणि उरलेलं आणायला आत गेली.